गुंतवळ

आम्ही दोघी गेली सतरा वर्षे मराठी विभागातल्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत आलो आहोत. दोघींचे एम. ए. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले, दोघींचे वय चाळिशी ओलांडलेले आणि दोघींच्या घरी नळाला पाणी येण्याचे दिवस वेगवेगळे. पुढे जे सांगायचे आहे ते आमच्यापैकी एकीच्याच डोक्यावर घडले. पण ती कोण, हे सांगायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. स्टाफरूम लहान असते आणि तिची स्मरणशक्ती मोठी असते. तेव्हा लेखात सर्वत्र 'आम्ही' असेच येईल. डोके एक आणि सर्वनाम अनेकवचनी, ही व्याकरणातली चूक वाचकांनी पदरात घ्यावी.

२०२२ च्या पावसाळ्यात आम्हाला डेंग्यू झाला. ताप आठवड्यात उतरला, प्लेटलेट सावरल्या, दिवाळीपूर्वी आम्ही तासही घेऊ लागलो. आणि मग केस गळू लागले. उशीवर, खांद्यावर, हजेरीपटावर, भाताच्या घासात. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले की मोठ्या तापानंतर असे होतेच. शरीर संकटात असताना पुष्कळशी केसांची मुळे एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस एकत्र गळतात. बहुतेकांचे पुन्हा येतात, धीर धरा. धीर धरण्याचा उपदेश आम्ही संतवाङ्मयाच्या तासाला नेहमीच करतो. स्वतःच्या भांगाची रेघ रुंद होत असताना तो करणे वेगळे. शिवाय जानेवारीत घरात लग्न होते.

म्हणून आम्ही निराला बाजाराच्या बाजूच्या एका पार्लरमध्ये गेलो आणि साडेचार तास खुर्चीत बसून डोक्यावर परक्या केसांच्या एकशेवीस बटा चिकटवून घेतल्या. रक्कम सांगत नाही. घराच्या एका महिन्याच्या हप्त्याएवढी होती. प्रत्येक बटेच्या टोकाला केराटिनचा गोंद असतो. केराटिन म्हणजे ज्या प्रथिनाचा आपला केस बनलेला असतो तेच. तापलेल्या चिमट्याने तो वितळवायचा, आपल्या बारीकशा बटेभोवती गुंडाळायचा आणि बोटांत वळायचा. थंड झाल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी गाठ उरते. ती टाळूपासून थोडी दूर असावी लागते, नाहीतर मूळ ओढले जाते. आणि ओढ सतत राहिली तर तिथला केस कायमचा जाऊ शकतो. समोरचे विरळ केस ज्या मुलीने तपासले ती म्हणाली, "मॅडम, इथे लावणार नाही मी. मागे आणि बाजूलाच लावते." तिचा हा नकार आम्हाला आजही त्या सगळ्या प्रकारातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

मराठीला ही गोष्ट नवी नाही. तिच्यासाठी 'गंगावन' असा डौलदार शब्द आपल्याकडे आहे. तिपेडी वेणीत घालायचे गंगावन, अंबाड्याखाली भरायचे गंगावन. आमच्या आज्यांच्या पेटीत काळ्या दोऱ्याने बांधलेले एक असेच आणि ते लपवण्याचे कारण कोणालाच वाटत नसे. लग्नाला जाताना ते शेजारणीकडून मागूनही आणत. गंगावन सकाळी लावले, रात्री काढून खुंटीला टांगले, एवढाच त्याचा व्यवहार. ते दागिन्यासारखे होते. आमच्या डोक्यावर आलेली वस्तू मात्र रात्री काढता येत नव्हती. तिच्यासह झोपायचे, तिच्यासह न्हायचे, आणि ती आपलीच आहे असे जगाला वाटू द्यायचे. दागिना मिरवता येतो. हे दडवायचे होते.

आणि तिची निगा! आम्ही पीएच. डी. ची मार्गदर्शक सूत्रेही इतक्या निष्ठेने पाळली नसतील. पहिले दोन दिवस डोक्याला पाणी नाही. नंतर धुवायचे ते उभ्याने, मान खाली न घालता, वरून खाली. घंगाळापुढे वाकून न्हाण्याची चाळीस वर्षांची सवय मोडून. कंडिशनर केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत, गाठींना चुकूनही नाही, नाहीतर गोंद निसरडा होऊन बट सुटते. विंचरायचे ते मुळाशी केस मुठीत धरून, टोकाकडून वर वर. ओल्या केसांनी झोपायचे नाही. रात्री सैल वेणी. उशीला गुळगुळीत अभ्रा. धुतल्यावर प्रत्येक गाठ शेजारणीपासून बोटांनी सोडवायची. कारण रोज पन्नास ते शंभर केस प्रत्येकाचेच गळतात. गाठीत अडकलेले केस मात्र खाली पडत नाहीत, तिथेच लोंबत राहतात, एकमेकांत गुंततात, आणि दुर्लक्ष झाले तर त्यांची चक्क जट होते. जट हा शब्द पार्लरमधल्या मुलीने उच्चारला तेव्हा आम्ही दचकलो. याच महाराष्ट्रात डोक्यात जट झाली म्हणून बायकांना देवाला सोडले गेले आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही घरोघर समजूत घालून ती कापत असतात. आमच्याकडे त्याच गुंत्यावर कोरफडीच्या वासाचा फवारा होता.

पाण्याचेही नियम करावे लागले. बोअरच्या जड पाण्याने हे केस चार धुण्यांत काथ्यासारखे झाले. आपल्या केसाला मुळाकडून थोडा तरी स्निग्धांश मिळत राहतो. याला मूळच नाही, तर मिळणार कुठून? मग जायकवाडीचे पाणी ज्या दिवशी जिच्या नळाला येईल तिच्या घरी न्हाणे सुरू झाले. पैठणहून शहराकडे एवढ्या लांबून चढवून आणलेले पाणी आम्ही कोणाच्या कोण केसांवर ओतत होतो, हे मनात येई. पण ओतत होतो.

कोणाच्या कोण, हे शोधण्याचा नाद दुसरीने घेतला. (पहिली तेव्हा वाळवण्यात गुंतलेली असे.) पाकिटावर 'रेमी' असे होते. त्याचा अर्थ असा की सर्व केसांची मुळे एका बाजूला आणि टोके एका बाजूला आहेत. केसाच्या पृष्ठावर कौलांसारखे खवले असतात. ते एकाच दिशेने असले तर केस केसात अडकत नाही. असा केस एकदम, डोक्यावरूनच कापून घ्यावा लागतो, आणि तो सर्वाधिक मिळतो तो देवळांत. तिरुमलाला कल्याणकट्ट्यावर लोक नवस फेडायला मुंडण करतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करते आणि ते समुद्रापार जातात. २००४ साली यावरून मोठा गहजब झाला होता. हे केस मूर्तिपूजेतून आलेले आहेत असा निर्णय जेरुसलेमच्या एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी दिला आणि सनातनी ज्यू स्त्रियांनी आपले टोप रस्त्यात आणून जाळले. एका बाईने देवाला वाहिलेले दुसऱ्या बाईने देवासाठीच जाळले, आणि मधला पैसा तिसऱ्यालाच मिळाला.

दुसऱ्या प्रकारचा केस म्हणजे गुंतवळ. फणीत निघालेली, बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या खाचेत किंवा पत्र्याखाली खोचून ठेवलेली गुंतवळ. मराठवाड्यात वाढलेल्या कोणत्याही बाईला ती खाच आठवेल. सुया, दाभण, पोत, बिब्बे विकणाऱ्या वैदू बाया गल्लीत येत, गुंतवळ घेत आणि बदल्यात सुया, मणी, फुगे, कधी वाटी देत. ती कुठे जाते हे आम्ही कधी विचारले नाही. ती कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जाते. तिथे बायका जमिनीवर बसून हाताने ती सोडवतात, लांबीनुसार लावतात. मुळे-टोके उलटसुलट झालेली असतात म्हणून कारखान्यात आम्लाने खवले उतरवतात आणि वर सिलिकॉनची चकाकी देतात. काही धुण्यांत ती चकाकी जाते. कोप्पळ आणि आपले औरंगाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, हे इथे अगदीच अवांतर. पण इतिहास विभागातल्या सरांनी सांगितले म्हणून लिहितो. आमचे केस चार धुण्यांत ज्या रीतीने वागले त्यावरून पाकिटावरचा शब्द खरा नसावा असा आम्हाला दाट संशय आहे.

त्याच सत्रात आम्हाला 'पण लक्षात कोण घेतो!' शिकवायची होती. यमूच्या केशवपनाचा भाग आम्ही अनेक वर्षे शिकवला आहे. त्याच्या आगेमागे काय सांगायचे तेही पाठ आहे. १८८२ चे ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना', आपल्या शेजारच्या बुलढाण्याचे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत भरलेली नाभिकांची सभा आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा तिथला निर्धार. या वेळी मात्र शिकवताना एक प्रश्न मध्येच उभा राहिला, जो इतक्या वर्षांत ना आम्हाला पडला होता ना विद्यार्थ्यांना. त्या कापलेल्या केसांचे पुढे काय होत असे? ते कोण उचलत असे? प्रश्न आम्ही वर्गात उच्चारला नाही. मानेमागे एकशेवीस गाठी टोचत असताना तो उच्चारण्याचे धैर्य झाले नाही.

आणि त्याच तासाला एक बट सुटली. फळ्याकडून वळताना ती खांद्यावरून घसरून पहिल्या बाकासमोर पडली. चांगली हातभर लांब, टोकाला तो तांदळाचा दाणा. वर्गात कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी आली, वहीच्या कागदाची घडी ठेवली, "मॅडम, तुमचं हे," एवढे म्हणाली आणि गेली. कागदाच्या आतल्या बाजूला तिने त्या तासाचे टिपण घेतलेले होते, यमूविषयीचेच. तो कागद दुसरीने कपाटात ठेवला. पहिलीला तो पुन्हा उघडायचा नव्हता.

खरी पंचाईत घरी होती. आमच्या आईचे आता बोलणे कमी झाले आहे. तिची माया उरली आहे ती बोटांत. रविवारी सकाळी पळीत तेल कोमट करून ती हाक मारते, आणि आम्ही चाळिशीतल्या बायका तिच्या पायांशी पाटावर बसतो. हे केस लावल्यापासून मुळाला तेल बंद होते. पहिल्या रविवारी परीक्षेच्या उत्तरपत्रिका सांगितल्या, दुसऱ्या रविवारी सर्दी. तिसऱ्या रविवारी ती काही न बोलता मागे येऊन उभी राहिली आणि तिने केसांत हात घातला. बोटे एका गाठीवर थांबली. मग दुसऱ्या. मग ओळीने सगळ्या चाचपल्या, जशी ती पूर्वी उवा-लिखा पाहताना चाचपायची.

"कुणाचे गं हे?" तिने विचारले.

आम्ही म्हणालो, "पार्लरमधले."

"ते कळलं. कुणाचे?"

उत्तर नव्हते. तिने किंमत विचारली तेव्हा आम्ही ती निम्म्याने कमी सांगितली. "वाटीभर गुंतवळीला दोन सुया द्यायची ती," असे काहीसे पुटपुटत तिने पळीतले तेल परत बाटलीत ओतले. ते बाटलीत पडताना आवाज झाला नाही, पण आम्हा दोघींना तो ऐकू आल्यासारखे आठवते. एक तर त्या दिवशी तिथे नव्हतीच.

लग्न झाले. फोटो उत्तम आले. मावश्यांनी केसांचे कौतुक केले आणि आम्ही "तेलाचं कसंबसं जमवते" असे काहीतरी बोललो, त्याची लाज अजून गेलेली नाही. चार महिने होत आले तेव्हा बटा काढायला गेलो. मद्यार्काच्या द्रवाने गाठ भिजवतात, पकडीने चिरडतात आणि बट सरकवतात. प्रत्येक गाठीतून आमचे आपले, चार महिन्यांत गळून अडकून राहिलेले केस बाहेर येत होते. ट्रेमध्ये त्यांचा ढीग झाला तेव्हा पोटात गोळा आला. मुलगी म्हणाली, "घाबरू नका मॅडम, हे तेव्हाच गळाले होते." कपाळाशी बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिले होते. डॉक्टरांनी सांगितले होते तसेच, न विचारता.

ढीग आम्ही पिशवीत घालून घरी आणला. का, ते सांगता येणार नाही. सिडकोच्या आमच्या गल्लीत ती बाई अजूनही कधीमधी येते. आता तिच्याकडे बिब्बे कमी आणि प्लास्टिकच्या क्लिपा जास्त असतात. तिने पिशवी उंबऱ्यावर उलटी केली, एक बट दातांनी तोडून गाठ थुंकली, केस उन्हात धरला आणि दोन वेगळे ढीग करायला लागली. हात थांबत नव्हता. "हे तुमचे," ती म्हणाली, "हे बाहेरचे. हे एकदा धुऊन आलेले दिसतात." दोन्हींचा भाव तिने एकच लावला. एक स्टीलची वाटी, सुयांची पुडी आणि वर चार सेफ्टीपिना.

वाटी आईला आवडली. पुढच्या रविवारी तिने त्यातच तेल कोमट केले आणि हाक मारली.