क्रांती चौकातला 'हमिंगबर्ड' आणि हरवलेला पिंगळा

परवा सकाळी क्रांती चौकात चहा घेत उभा होतो. मित्राने मोबाईल पुढे केला. "बघ भाऊ, आपल्या चौकात दुर्मिळ हमिंगबर्ड! डोंगरातला पक्षी, वाट चुकून आलाय." व्हिडिओत दुभाजकावरच्या फुलाशी एक काळा-निळा चमकणारा पक्षी. तोवर चार ग्रुपवर फिरून आला होता.

म्हटलं, "अरे, हा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. तुझ्या जास्वंदीवरही येत असेल. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. इक्वेडोरच्या क्विटो शहराजवळ उंच डोंगरात एक अगदी दुर्मिळ जात उरलीय, जंगल तुटल्यामुळे संकटात आहे. त्या शहराने तिला आपलं मानचिन्ह केलंय."

"बरं, चुकलं. त्यात काय एवढं?"

सांगतो काय ते. आपल्या सातपुड्यातला रानपिंगळा, छोटंसं घुबड. १८८४ नंतर तो कुणालाच सापडेना. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या संग्रहातल्या नमुन्यावर लिहून ठेवलं, १९१४, मांडवी, गुजरात. पुढे लोक पक्षी शोधत राहिले, तोही भलत्याच ठिकाणी. नंतर उघड झालं की तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, चिठ्ठी बदललेली! पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी खोटी नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींवरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

आता तो मेळघाटात, तानसालाही आढळलाय. तरी धोका टळलेला नाही. तो फक्त भारतात राहतो आणि त्याचं सागवानी जंगल तुटतच चाललंय. कुठे आहे हेच नीट ठाऊक नसेल, तर कुठलं जंगल राखायचं हे ठरवणार कसं?

म्हणून विनंती एवढीच, मंडळी. पक्षी दिसला तर फोटोसोबत खरी जागा आणि खरी तारीख लिहा. ओळखता आला नाही तर 'माहीत नाही' असं लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि फॉरवर्ड करण्याआधी एखाद्या जाणकाराला विचारा.

मित्राने तो व्हिडिओ डिलीट केला नाही. खाली फक्त लिहिलं, "हमिंगबर्ड नाही. शिंजीर आहे, आपलाच."

मला ते पुरेसं वाटलं.