चांद्याचा परकोट

सह्याद्रीच्या कडेकपारींतील गड पाहून ज्याची नजर घडली आहे, त्याला चंद्रपूरचा, म्हणजे जुन्या चांद्याचा, किल्ला प्रथमदर्शनी किल्ला वाटतच नाही, कारण येथे चढायला डोंगर नाही, माथ्यावर पोहोचल्याची धन्यता नाही, आणि नागभीडकडून अरण्यातून येणारी गाडी जेथे उतरवते त्या स्थानकाच्या पाटीवर ‘चांदा फोर्ट’ असे ठळक लिहिलेले असूनही तो फोर्ट कोठे म्हणून विचारावे, तर रिक्षावाला हसून म्हणतो, “त्याच्या आतच तर जायचं आहे नं तुमाले!”

अन्यत्र राजा गडावर आणि रयत पायथ्याशी. चांद्याच्या गोंड राजांनी मात्र अख्खी रयतच तटाच्या कवेत घेतली. त्यांपैकी राजा खांडक्या बल्लाळशहाला शिकारीच्या वेळी कुत्र्याचा पाठलाग करणारा ससा दिसला आणि तो ज्या मार्गाने धावला त्यावरच परकोटाची आखणी झाली, अशी दंतकथा आहे. ती खरी मानावी असा माझा आग्रह नाही. पण 15-20 फूट उंचीच्या त्या तटाची वळणे पायी चालून पाहिली, की राजगवंड्यापेक्षा सशाचाच हात त्यात अधिक असावा असे वाटू लागते. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार वेशी. शिवाय विठोबा, हनुमान, बगड, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या. देव, चोर आणि स्मशान यांना एकाच तटात शेजार देणारा हा कारभार मला मोठा समंजस वाटतो. वेशींवर हत्तीला नमविणारा सिंह कोरला आहे. तो मात्र मुळीच समंजस दिसत नाही.

अंमल बदलत गेले. 1751 मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी गोंडांचे राज्य घेतले. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले. पुढे इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे, अहेरी मुलखातील मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी याच चांद्यात फासावर चढविण्यात आले. अंचलेश्वराच्या वेशीजवळ गोंड अमदानीतल्या राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधली आहे. तिला ताजमहालाची उपमा देण्याची चाल पडली आहे, पण त्या काळ्याकभिन्न, भारदस्त दगडाला संगमरवराची उसनवारी कशासाठी?

तटावर माजलेले रान 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी आपल्या हातांनी उपटून काढले, म्हणून आज बुरुजांवरून चालता येते. जटपुऱ्याच्या वेशीत मात्र सकाळ-संध्याकाळ वाहनांची अशी दाटी होते, की मध्येच अडकलेला एखादा गृहस्थ गोंड राजांच्या दूरदृष्टीबद्दल चार अपशब्द काढतो. त्याचा त्रागा मी समजू शकतो. तथापि पुरातत्त्व खात्याच्या पाटीपेक्षा या रोजच्या वर्दळीनेच वेस जागती ठेवली आहे असे माझे मत असल्यामुळे, मी पायउतार होऊन त्याला वाट करून दिली.