भुईगावचा जुना मोगरा

वसई रोड स्टेशनावर उतरून पश्चिमेला भुईगावची वाट धरली, की सिमेंटच्या इमारती मागे पडतात आणि नारळ-केळीच्या वाड्या सुरू होतात. गाव समुद्राकाठचे. वाऱ्याला खारटपणा, पण सकाळी फुलांचा वासही. वसईच्या या पट्ट्यातली फुले वर्षानुवर्षे दादरच्या बाजारात जात आली आहेत.

कार्तिक सरत आला होता. एका वाडीत मावशींनी बारा वर्षांच्या मोगऱ्याकडे बोट दाखवले. झाडे चाळीस. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, कळी धरत नाही. मुलगा म्हणतो, उपटून टाकू. मला ते करवत नाही. याच फुलांवर त्याचं शिक्षण झालं."

आजारी झाडाला आधी खत नव्हे, आधी तपासणी. नखाने साल खरवडली. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडे दिसले तर मेलेली. मग पाने पाहिली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असला, तर बहुधा लोह कमी. इथे मात्र पानांच्या कडा करपल्या होत्या, म्हणजे खाऱ्या पाण्याचा संशय. बुंध्याशेजारी वीतभर उकरले. निरोगी तंतुमुळे पांढरी असतात. मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी. सखल बाजूची मुळे काळी, कुजकी निघाली. तिथे पाणी साचत होते.

विहिरीचे पाणी जिभेवर घेतले, मचूळ लागले. मावशी म्हणाल्या, "शेजारचं बावखल बुजवलं, तेव्हापासून असंच."

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे तळे. त्यातले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. मुरणे थांबले आणि पंपाचा उपसा वाढला, की खालचे खारे पाणी वर चढते. मोगऱ्याने ते आपल्याआधी सांगितले.

उपाय क्रमाने केले. सखल बाजूला चर काढून पाण्याला वाट दिली. बुंध्यावर चढलेली माती बाजूला केली. मेलेल्या फांद्या मुळापासून काढल्या. जोमदार झाडे जमिनीपासून दीड फुटावर छाटली. मुळे दुखावलेल्या झाडांची मात्र थोडीच छाटणी केली, कारण अशक्त झाडाला एकदम बोडके करू नये. कापांवर बोर्डो मलम लावले: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्रत्येक झाडाला दहा किलो कुजलेले शेणखत घातले आणि वर पाचोळ्याचे आच्छादन केले. रासायनिक खत नवी पालवी येईपर्यंत बंद. पाने शिरांमध्ये पिवळी पडत असतील, तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून महिन्यातून एकदा फवारावे.

फाल्गुनात पुन्हा गेलो. अकरा झाडे गेली होती. बाकीच्यांवर पोपटी पालवी आणि टपोऱ्या कळ्या होत्या.

मावशींचा मुलगा मात्र मोगऱ्यात नव्हता. वाडीच्या कोपऱ्यात घरचे एक लहान बावखल गाळाने भरले होते, तो कमरेइतक्या खड्ड्यात उतरून गाळ उपसत होता. मला पाहून म्हणाला, "काका, पावसाआधी व्हायला हवं."