कारखाना नव्हे, वखार

"सर, जुन्यापान्या इंग्रजी शब्दांवर काहीतरी खुसखुशीत द्या," असा संपादकांचा फोन आला. खुसखुशीत म्हणजे लांबलचक शब्द, हे आता मला कळतं. २०१८ साली शशी थरूर यांनी 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' वापरला, तेव्हापासून पाचोऱ्यात भर बाजारात थांबवून त्याचा अर्थ विचारणारे भेटतात. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, एवढाच तो अर्थ. असले शब्द निरुपद्रवी. आपल्याला येत नाहीत हे दिसतंच, माणूस मुकाट कोश उघडतो. दगा देतात ते ओळखीचे शब्द.

अलीकडेच एका स्मरणिकेचा मजकूर तपासायला आला. इंग्रजांनी १६७४ मध्ये धरणगावला 'कारखाना' काढला आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने तो लुटला, असं त्यात होतं. मूळ आधार १८८० चं खानदेश गॅझेटियर, आणि मूळ शब्द 'फॅक्टरी'. आता, त्या काळच्या फॅक्टरीत काही तयार होत नसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आधी रायटर, मग फॅक्टर, मग मर्चंट अशा पायऱ्या. फॅक्टर म्हणजे धन्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा, आपल्या आडत्याच्या जातकुळीतला. तो जिथे राहतो, माल भरतो, ती फॅक्टरी. म्हणजे वखार! सुरतेची वखार शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. धरणगावची मात्र कारखाना झाली. "पण सर, मोबाईल कारखानाच दाखवतो," लेखक म्हणाले. त्यांना तरी काय बोलावं? आपल्याकडे खानदेशात फॅक्टरी म्हटलं की कापसाचं जिनिंगच डोळ्यापुढे येतं. स्मरणिका कारखान्यासकट छापून निघाली. मानधन नव्हतंच; निदान ऐकायचं तरी.

'हसबंडमन'चंही तेच. म्हणजे शेतकरी, पण भाषांतरात त्याचा नवरा होतो.

'टँक' जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माझा जीव अडकलाय. गॅझेटियरमधला टँक म्हणजे तळं. रणगाडा रणांगणात उतरला १९१६ मध्ये, सोमच्या लढाईत. गुपित फुटू नये म्हणून त्याला पाण्याच्या टाकीचं नाव दिलं होतं. पण शब्द मुळात आला कुठून? एक पक्ष म्हणतो, आपलं टाकं आणि गुजरातीतलं टांकुं यांतून. दुसरा म्हणतो, पोर्तुगीज 'टांक'मधून, पाणी अडवणं या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदाशी नातं सांगणाऱ्या. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये दोन्ही बाजू मांडल्या आहेत. मी पहिल्या पक्षाचा. सह्याद्रीतल्या गडांवर, लेण्यांत खडकात कोरलेली टाकी पाहिल्यावर लिस्बनला कशाला जायचं?

अडचण अशी, की वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीतच हा शब्द येतो. आल्या आल्या त्यांनी तो इथून उचलला म्हणणं जड जातं. शिवाय कान्हेरीच्या लेण्यांतल्या, दानं नोंदवणाऱ्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय, टाकं नव्हे. माझं म्हणणं, दान नोंदवणाऱ्याची भाषा वेगळी आणि खडक फोडणाऱ्या पाथरवटाची वेगळी. पुरावा नाही, पण म्हणणं सोडवत नाही. एक स्नेही विचारतात, शिलालेखही पाथरवटानेच कोरला ना? त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.