चेन्नईचा डिसेंबर आणि माझी करंगळी

डिसेंबर २०२४ मध्ये तीन आठवडे चेन्नईला मुलाकडे राहून आलो. भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? मरीना बीच ओझरता पाहिला, महाबलीपुरम राहूनच गेलं. सभा मात्र पोटभर पाहिल्या. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

सभा म्हणजे पुढाऱ्यांची नव्हे. गाण्या-नाचाचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला तिकडे सभा म्हणतात. डिसेंबरच्या मध्यावर त्यांचा मार्गळी महिना लागतो, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाचा सख्खा भाऊ. त्या दिवसांत मैलापूर, आळ्वारपेट, टी. नगर या भागांत सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे कचेरी चालू असते. (कचेरी म्हणजे मैफल. पहिल्या दिवशी 'कचेरीला जाऊ' म्हटल्यावर मी पेन्शनची कागदपत्रं काढायला निघालो होतो!) १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या जोडीला संगीत परिषद झाली आणि त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. हा डिसेंबरचा उत्सव तेव्हापासूनचा.

पण मला सांगायचं आहे ते थोडं वेगळं. आधी एक कबुली.

आमची सून तमिळ, हे नातेवाईकांना ठाऊकच आहे. २०११ साली चेन्नईला लग्न झालं. जेवणानंतर विहीणबाई गायल्या. मी शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला हळूच म्हणालो, "हे गाणं आहे की कवायत?" मराठीत बोललो, कोणाला कळणार, अशा भरवशावर. समोर नवी सून बसली होती. तिने लग्न ठरल्यापासून मराठी शिकायला घेतली होती, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यावर ती कधी एक अक्षर बोलली नाही. पण तेरा वर्षांत ती आमच्या मिरजेच्या घरात कधी गायलीही नाही. स्वयंपाकघरात गुणगुणत असली आणि माझी चाहूल लागली, की थांबायची. मला ते कळत होतं. मास्तराला चूक दाखवायची सवय असते, कबूल करायची नसते.

तर यावेळी व्याही म्हणाले, "सम्बन्धी सार, तुम्ही माझ्याबरोबर चला." (तमिळमध्ये व्याह्याला सम्बन्धी म्हणतात. शब्द मला फार आवडला.) वय अठ्ठ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, खांद्याला पिशवी, पिशवीत कार्यक्रमांचं वेळापत्रक पेन्सिलने खुणा केलेलं. आमचा संवाद म्हणजे त्यांचं बँकेतलं इंग्रजी आणि माझं मराठी माध्यमातलं. दुपारच्या कार्यक्रमांत तरुण कलाकार गातात आणि बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. संध्याकाळी नामवंत गातात, तेव्हा तिकीट. मधल्या वेळेत सभेचं कॅन्टीन. केळीच्या पानावर जेवता जेवता लोक सकाळच्या तोडीवर वाद घालत असतात.

पहिले दोन दिवस मी अवघडून बसलो. आपल्याकडे ख्याल रमतगमत उलगडतो. इथे वर्णम संपला की कृती, ती संपली की दुसरी, आणि मागे मृदंग एकसारखा बोलतोय. मनात पुन्हा तोच 'कवायत' शब्द आला. मग माझं लक्ष आजूबाजूला गेलं. प्रत्येकाचा उजवा हात मांडीवर हलत होता. पुढच्या रांगेतल्या आजीबाई डोळे मिटून होत्या, पण हात चुकत नव्हता. मध्यंतरात व्याह्यांनी मला आदिताल दाखवला. आठ मात्रा. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी आणि हात उलटा, टाळी आणि हात उलटा. झालं आवर्तन. मी सुरुवात तर्जनीपासून करत होतो. शाळेत पोरांना बोटांवर मोजायला शिकवलं ते तसंच. त्यांनी न बोलता माझी करंगळी धरून मांडीवर टेकवली.

आणि काय सांगू, हात चालू लागल्यावर कान उघडले! कल्पनास्वरांत गायिका कुठून कुठे जाते आणि नेमकी कुठे परत येऊन टेकते, व्हायोलिनवाला तेच तिला कसं परत करतो, हे दिसू लागलं. तनी आवर्तनम म्हणजे मृदंग आणि घटमची स्वतंत्र फेरी. ती सुरू झाली की निम्मे लोक कॉफीला उठतात. मी उठलो नाही. व्याही खूश झाले.

वर त्यांनी विचारलं, "तुम्ही मिरजेचे ना? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावचे?" मी मान ताठ केली. खाँसाहेबांनी आमचं कर्नाटक संगीत शिकून घेतलं, त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली, आणि १९३७ साली त्यांनी देह ठेवला तो चेन्नईच्या दक्षिणेला, सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर, हे सगळं त्यांना माहीत होतं. मलाही होतं. दर्ग्यातल्या संगीत सभेत आयुष्यभर हजेरी लावली. पण ज्यांच्या नावाने तिथे बसतो, त्यांना जे ऐकावंसं वाटलं ते आपणही ऐकावं, हे कधी मनात आलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी सूनही बरोबर आली. मुख्य राग झाला, मग छोट्या रचना, आणि अचानक गायिकेने नामदेवांचा अभंग धरला. सगळं सभागृह टाळ्यांनी ठेका धरू लागलं. त्यातल्या किती जणांना मराठी येत असेल? आणि 'ळ' असा स्वच्छ, की चौतीस वर्षं वर्गात 'ळ' साठी घसा कोरडा करणारा मी ऐकतच राहिलो. व्याही म्हणाले, हे आम्हाला तंजावरच्या मराठी राजांमुळे मिळालं. खरंच आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तिथे स्थिर झाले, १८५५ पर्यंत ते राज्य टिकलं. आपलं कीर्तन तिकडे गेलं, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग त्यांच्या हरिकथेत आजही आहेत. त्यांनी आपल्या अभंगाला घरात घेतलं. माझ्या घरात मात्र त्यांची मुलगी गुणगुणायचीसुद्धा थांबत होती.

रिक्षाची वाट पाहताना सुनेला म्हणालो, "लग्नाच्या दिवशी मी बोललो ते तू ऐकलंस. चूक झाली माझी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला तेव्हा कवायत शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. घरी जाऊन शब्दकोशात पाहिला." आणि हसली. पण डोळे भरले होते. माझेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला. मी चपला मुद्दाम वाजवत आत गेलो. आवाज थांबला नाही. मी खुर्ची ओढली आणि हात मांडीवर ठेवला. तिने डोशाचं पीठ पसरता पसरता माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "करंगळीपासून, बाबा."

असो. डिसेंबरात चेन्नईला जाणार असाल तर जरूर कळवा. व्याह्यांचं पेन्सिलवालं वेळापत्रक मागवून देईन.