मेमरी वाटली, वेळ वाटायची राहिली

"सर, तुम्ही म्हणाला होतात, माझे ४ जीबी माझेच आहेत."

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेनंतर एक विद्यार्थिनी मला हे म्हणाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तिचं त्रिमितीय मॉडेल फिरता फिरता अडकत होतं. कॉलेजची ती लॅब मी सांभाळतो, त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं.

आमच्याकडे एनव्हिडियाचं टी-४ हे एकच ग्राफिक्स कार्ड आहे. त्याची मेमरी १६ जीबी. पासथ्रू पद्धतीने दिलं तर अख्खं कार्ड एकाच व्हर्च्युअल मशीनला जातं. म्हणून मी व्हीजीपीयू पद्धतीने ४ मशीन केल्या, प्रत्येकीला ४ जीबी. एकीची मेमरी दुसरीला घेता येत नाही. मुलीला मी दिलेला शब्द तिथपर्यंत खरा होता.

पण गणित करणारा भाग सगळ्यांचा एकच असतो. मशीन त्यावर आळीपाळीने काम करतात आणि पाळी शेड्युलर ठरवतो. मूळ सेटिंग 'बेस्ट एफर्ट' असतं: कार्ड मोकळं असेल तर मागेल त्याला वेळ मिळतो. एखाद्याने सतत मागितलं की बाकीच्यांना वाट पाहावी लागते. त्या दिवशी शेजारच्या मशीनवर एका मुलाचं मॉडेल-ट्रेनिंग चालू होतं. त्याने नियम मोडला नव्हता. नियम मीच केला नव्हता.

मला आमचं जुनं घर आठवलं. अब्बा आणि तीन चाचा, चौघांच्या खोल्या वेगळ्या, पण अंगणात नळ एकच. रमजानमध्ये सेहरीच्या वेळी जो आधी उठे तो पिंपं भरून घेई आणि शेवटच्या बिऱ्हाडाला वजूपुरतंही पाणी उरत नसे. शेवटी दादीने पाळी लावली: दोन हंडे भरले की बाजूला व्हायचं. खोल्यांची वाटणी कागदावर कधीच झाली होती. भांडण मिटलं ते नळाच्या पाळीने.

शेड्युलरचे आणखी दोन प्रकार आहेत. 'फिक्स्ड शेअर'मध्ये आमच्या मांडणीत प्रत्येकीला ठरलेला चौथा हिस्सा मिळतो, बाकीच्या बंद असल्या तरी तेवढाच. 'इक्वल शेअर'मध्ये चालू असलेल्या मशीनमध्ये सारखी वाटणी होते. मी 'इक्वल शेअर' निवडलं, सर्व्हर रीस्टार्ट केला आणि दारावर सूचना लावली: काम झालं की मशीन बंद करा, नुसती चालू मशीनही वाटा अडवते. २०२० साली आलेल्या ए-१०० कार्डाचे एमआयजीने ७ पर्यंत स्वतंत्र भाग करता येतात, गणिताचा भागही वाटला जातो. टी-४ मध्ये ती सोय नाही.

विभागप्रमुखांना मी लेखी कळवलं की दोष मुलीच्या कामात नव्हता, माझ्या मांडणीत होता. तिला पुन्हा संधी मिळाली. मॉडेल विनाअडथळा फिरलं.

मग ट्रेनिंगवाला मुलगा तक्रार घेऊन आला. "सर, काम पूर्वीपेक्षा फार सावकाश चाललंय."

"पूर्वीच्या वेगात बाकीच्यांचाही हक्क होता बेटा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मग रात्री बाकीच्या तीन बंद असतील तर?"

"तर अख्खं कार्ड तुझं."

त्या रात्री लॅबला कुलूप लावण्याआधी तिन्ही मशीन त्याने स्वतःच बंद केल्या. पण आधी त्या मुलीला फोन करून विचारलं, तुझं काम सेव्ह झालंय ना?