बेताचा भार

एम-वन गरँड रायफल उचलली की आधी तिचं वजन कळतं, मग हळूहळू तिचं वय. अमेरिकी सैन्यानं ती 1936 मध्ये स्वीकारली. क्यूबेकमध्ये जन्मलेल्या जॉन गरँडनं स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात वर्षानुवर्षं खपून ती घडवली होती. ओहायोत, जिथं मी राहतो, चांदमारीच्या मैदानावर ती अजून दिसते. तिच्यासाठी घरी काडतुसं भरणारे इथं पुष्कळ आहेत, आणि मी त्यांतला एक. भरायला बसलो की एकच प्रश्न मनात असतो: हिला सोसेल किती?

बोल्ट हातानं ओढायच्या रायफलीत गोळी सुटली की दारूचं काम संपतं. गरँडमध्ये ते संपत नाही. गोळी नळीच्या टोकाशी येता येता एका बारीक छिद्रातून थोडा वायू खाली उतरतो. त्याच्या रेट्यानं लांब, मुद्दाम बाक देऊन घडवलेला ऑपरेटिंग रॉड मागं धावतो, बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी भिरकावतो आणि पुढचं काडतूस आत घेतो. हे सगळं पापणी लवायच्या आत! म्हणून नळीतला दाब जास्तीत जास्त किती चढतो, एवढं पाहून इथं भागत नाही. गोळी छिद्रापाशी पोचते तेव्हा तो किती उरलेला असतो, तेही पाहावं लागतं. जड गोळीमागं सावकाश जळणारी दारू भरली, तर दाबाची ठरलेली मर्यादा पाळूनही छिद्रापाशी जोर जास्त राहतो आणि रॉड वाकतो. चढ सगळ्यांनाच दिसतो. मला या रायफलीनं उतार बघायला लावलं.

त्यामुळे दारू निवडताना मी फार धाडस करत नाही. युद्धकाळातल्या एम-टू काडतुसात सुमारे 150 ग्रेनची गोळी असे आणि 4895 ही मध्यम गतीनं जळणारी दारू त्यात वापरली जाई. युद्धानंतर उरलेली हीच दारू कॅन्ससच्या ब्रूस हॉजडननं विकत घेऊन हौशी लोकांपर्यंत पोचवली. आजही गरँडसाठी पहिलं नाव तिचंच निघतं. काही मॅन्युअलांत गरँडसाठी वेगळी पानं असतात. मी ती उघडी ठेवतो, खालच्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि बहुधा मधेच थांबतो.

प्रायमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीची, धास्ती वेगळी. गरँडची फायरिंग पिन स्प्रिंगनं मागं धरलेली नसते. बोल्ट आदळून बंद होताना ती पुढं सरकते आणि प्रायमरवर हलकीशी खूण उमटवते. प्रायमर जराही वर राहिला, तर बोल्ट पुरता अडकण्याआधीच बार उडू शकतो. म्हणून वापरलेली पुंगळी साच्यात दाबून पूर्ण लांबीभर पुन्हा मापात आणायची, प्रायमर बुडाच्या किंचित खाली बसवायचा, आणि प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायचं. हे बोट फिरवणं मला फार प्रिय आहे. त्या वेळी घरात कुणी बोललेलं चालत नाही.

वेग वाढवायचा मोह मैदानावर पुष्कळांना होतो. पण दोनशे यार्डांवरच्या कागदाला छेद हवा असतो, वेग नव्हे. आणि अमेरिकी सैन्यासाठी गरँड बनवणं 1957 मध्येच थांबलं, 1968 मध्ये ते शस्त्रागारही बंद झालं. आज रॉड वाकला, तर तिथला दुसरा जुन्या साठ्यातूनच शोधावा लागतो. मी दीडशे ग्रेनचीच गोळी भरतो.